आत मंडळी आहेत

एकट्या राहणाऱ्या माणसांत आमच्या डॉक्टरांइतका भरल्या घराचा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. लग्न केलेलं नाही, भाऊबंद साताऱ्याला, सांगलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि त्यात एक खाट, एक स्टोव्ह, बाकी पुस्तकं. पण "डॉक्टर, एकटेच असता का?" असं कुणी विचारलं की ते मनापासून चकित होत. "एकटा? अहो, माझ्या एकट्याच्या तोंडात या सांगली शहरापेक्षा जास्त वस्ती आहे," असं ते सांगत. विचारणारा बिचारा त्यांच्या तोंडाकडे बघत राही. डॉक्टरांना वाटे, याला कुतूहल आहे. मग ते त्याला जवळच्या कट्ट्यावर बसवून दातांच्या फटीत कोण राहतं, जिभेवर कोण राहतं, आतड्यात कुणाची गावंच्या गावं वसलेली आहेत, हे सगळं समजावून सांगत. तो माणूस पुन्हा डॉक्टरांना एकटे असता का म्हणून विचारत नसे. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जाई.

ते जंतुशास्त्रज्ञ होते. सांगलीच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तिला प्रयोगशाळा म्हणत. पेशंटांचं रक्त, लघवी, थुंकी तपासणं हे त्यांचं पगाराचं काम. ते दुपारच्या आत उरकून ते आपल्या खऱ्या कामाला लागत. त्या काळात जंतू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पटकी, क्षय, विषमज्वर एवढंच यायचं. आमच्या डॉक्टरांना मात्र धडधाकट माणसाच्या अंगावर कोण कोण राहतं याचा ध्यास होता. या रहिवाशांना ते भाडेकरू म्हणत, आणि लाडात आले म्हणजे मंडळी म्हणत. "भाडेकरू वाईट नसतात," ते म्हणायचे, "ते आपली खोली सोडून दुसऱ्याच्या खोलीत शिरले की भांडण होतं. आपण त्या भांडणाला रोग म्हणतो." जन्माला येणारं मूल कोऱ्या पाटीसारखं असतं आणि दोन-चार दिवसांत त्याच्या अंगावर मंडळी मुक्कामाला येतात, ती नेमकी कुणाकडून येतात, हे त्यांना शोधायचं होतं. प्रसूतिगृहातली एवढ्याशा पगाराची नोकरी त्यांनी त्यासाठीच धरली होती.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तो साठ-एकसष्ट सालचा सुमार. उंब्रजच्या पुढचं आमचं खेडं. वडील मी लहान असतानाच गेले. आईला मामाने सांगलीला आणलं आणि ती याच प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. मी वसतिगृहात राहून शिकलो. छप्पन सालानंतर आमच्या घरातल्या देव्हाऱ्याची जागा रिकामी झाली, तिथे आईने माझी पुस्तकं ठेवली होती. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मीच. निकालाच्या दिवशी आई वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगून आली. त्यातल्या निम्म्या बायकांना तेव्हा कळा सुरू होत्या. तिनेच मला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. त्यांनी माझी नखं पाहिली, गुणपत्रिका पाहिली नाही. "उद्यापासून ये, पदवीधर," म्हणाले. पुढे शेवटपर्यंत त्यांनी मला याच नावाने हाक मारली. त्यात टिंगल नव्हती. माझ्याइतकाच त्यांनाही त्या शब्दाचा अभिमान वाटतो आहे, असं मला वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात मला त्यांच्याविषयीच्या एका बदनामीचा उलगडा झाला. डॉक्टर जन्माने आणि सवयीने पक्के शाकाहारी. अंड्याकडेही पाहायचे नाहीत. पण रोज सकाळी भर रस्त्याने ते खाटकाच्या दुकानात जात आणि पिशवीत मटण घेऊन येत. जंतू वाढवायला मटणाचा अर्क लागतो. तयार अर्काच्या बाटल्या मुंबईहून मागवायला प्रसूतिगृहाची ऐपत नव्हती, म्हणून तो आम्हीच काढायचो. खाटकाने एकदा विचारलं, हाडाचं घालू का. डॉक्टर म्हणाले, "हाड नको, चरबी अजिबात नको. आमच्याकडच्या मंडळींना सोसत नाही." खाटीक मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं लय नाजूक दिसत्यात रं. कुठनं आल्यात?" त्यांच्या घरमालकीणबाईंनी शेवटी धीर करून तोंडावरच विचारलं. हे म्हणाले, छे, मी कुठला खातोय, माझ्याकडे मंडळी आहेत ना, ती खातात. बाईंनी पुढचा महिनाभर त्या दोन खोल्यांवर डोळा ठेवला. मंडळी काही दिसली नाहीत, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बाहेरची बाधा झाली आहे असं ठरवून उंबऱ्याला लिंबू बांधलं. डॉक्टरांनी लिंबाच्या सालीवरचे जंतू तपासले आणि बाईंना त्यांची खुशाली कळवली.

गावाला गेलेला माणूस काहीतरी घेऊन येतो. हे महाबळेश्वरला गेले तर सगळ्यांनी मधाची, स्ट्रॉबेरीची वाट पाहिली. यांनी कागदाच्या पुड्यांत धबधब्याजवळचा चिखल आणला आणि प्रत्येक पुडीवर कुठल्या झाडाखालचा ते लिहून आणलं. हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीखालच्या त्या कोठारांत हवा कोंडलेली असते, म्हणून आत उतरण्याआधी हमाल दिवा सोडून बघतात. डॉक्टरांनी तिथे दोरीला काचेची बशी बांधून खाली सोडली. हवेवाचून जगणारं कोण आत आहे ते त्यांना पाहायचं होतं. वर गर्दी जमली. आत काय पडलंय, असं एकाने विचारलं. "पडलं काही नाही, आत राहणाऱ्यांना भेटायचंय," हे त्यांचं उत्तर ऐकून हमालांनी दोन दिवस त्या पेवात उतरायचं नाकारलं. व्यापाऱ्याने सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी म्हणजे प्रसूतिगृहाचा कारभार पाहणारे गृहस्थ, मोठे नेटके, कागदाला टाचणीही सरळ लावणारे. त्यांनी डॉक्टरांना समज दिली. डॉक्टरांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि जाता जाता त्यांच्या टाचण्यांच्या डबीत जंतू टिपायची कापसाची काडी फिरवून आले.

पण सांगलीत त्यांची खरी ख्याती होती ती त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशाची. जंतू वाढायला अंगाइतकी ऊब लागते. त्यासाठी आमच्याकडे विजेचं एक कपाट होतं, पण वीज जाई, नाहीतर कपाट बिघडे. मग डॉक्टर नव्याने पेरलेल्या काचेच्या नळ्या कापसाचं बूच लावून, रुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात छातीशी ठेवत आणि दिवसभर तसेच वावरत. साताऱ्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मुलीचे वडील नव्हते, म्हणून व्याही म्हणून हेच उभे राहणार. नेमकं त्याच आठवड्यात कपाट बंद पडलं. मी सोबत गेलो होतो. व्याहीभेटीला मुलाचे वडील, चांगले तालमीतले गृहस्थ, दोन्ही हात पसरून आले. डॉक्टर एक पाऊल मागे सरले.  हुंड्याचं काही राहिलं का, मान कमी पडला का, अशी मांडवात कुजबुज सुरू झाली. डॉक्टर छातीवर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा बेताने. आत मंडळी आहेत." व्याहीबुवांना काही समजलं नाही, पण माणूस समजूतदार. त्यांनी लहान मूल घ्यावं तसं डॉक्टरांना जवळ घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ते सांगत, आमचे व्याही हृदयाचे फार नाजूक आहेत.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. त्यांचं हात धुणं हा एक सोहळाच होता. बाह्या कोपरापर्यंत वर, कार्बोलिकचा साबण, नखांना ब्रश, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगट, मग पुन्हा पहिल्यापासून. नव्या नर्सबाईंना ते धुणं बघायला मुद्दाम उभं करत. त्यांना एकच व्यसन होतं, तपकिरीचं. तपकीर ओढली की शिंका येतात, आणि बाळांवर शिंकणं म्हणजे तर महापाप. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला होता. वॉर्डाच्या बाहेर हात धुवायचे, मग दारापाशी चिमूटभर तपकीर ओढायची, असतील नसतील त्या सगळ्या शिंका बाहेरच संपवायच्या आणि मोकळ्या नाकाने आत जायचं. या सावधगिरीचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. त्यांचं हात धुणं आम्ही इतक्या भक्तीने पाहायचो की त्यानंतर ते हात कुठे जातात, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

आत ते तपासायला जात असं कागदावर होतं. खरं कारण मधाचं होतं. आमच्या भागात बाळाला पहिला मध जो चाटवील त्याचा गुण बाळाला येतो असं मानतात. चिडक्या माणसाच्या हातून चाटवत नाहीत. हल्लीचे डॉक्टर तान्ह्या मुलाला मध देऊच नका म्हणतात, तेव्हा मात्र घरोघर द्यायचे. आमच्या डॉक्टरांची विद्वत्ता आणि शांत स्वभाव पाहून बाळंतिणींच्या सासवा वाटी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. कुणाला वाटेल, असा शास्त्राचा माणूस हसून परतवील. उलट त्यांना ती रीत फार पटली. ते मला म्हणाले, "यात चूक काय आहे, पदवीधर? पहिल्यांदा ज्याचा हात लागतो त्याचे भाडेकरू बाळाकडे जातात, हेच तर मी सिद्ध करू बघतोय. या बायका त्याला गुण म्हणतात." असं म्हणून ते निघाले खरे, पण मी त्यांना आत पाहिलं आहे. मधात बुडवलेलं बोट बाळ चोखायला लागलं की त्यांचा चेहरा असा काही होई, की त्यात शास्त्र फारसं उरत नसे. ज्याच्या घरी कधी पाळणा हलला नाही असा तो माणूस, दर आठवड्याला कुणाच्या तरी लेकराला आपला गुण देत होता.

आणि मग एका उन्हाळ्यात वॉर्डातल्या बाळांच्या अंगावर फोड यायला लागले. आधी मानेवर, मग जांघेत, पिवळ्या पाण्याचे. एक बरं होऊन घरी गेलं की दुसऱ्याला येत. पेनिसिलिन टोचलं तरी उपयोग होईना. तासगावकडच्या एका जवानाच्या बायकोचं बाळ तर फारच आजारी पडलं. त्याच्या मांडीत मोठं गळू झालं, अंग तापाने फणफणलं, दूध पिणं सोडलं. जवान सीमेवर, आणि त्याची आई, एक उंच, काळीसावळी म्हातारी, नातवाच्या खाटेपाशी ताठ बसलेली. पुण्याहून वेगळं औषध मागवलं. डॉक्टरांनी फोडातला पू काडीवर घेऊन मटणाच्या अर्काच्या बशीत पेरला. बशीत सोनेरी ठिपके उगवले. हा जंतू पुष्कळांच्या नाकात निमूट राहतो, त्याची खोली तीच. तिथून तो कुणाच्या तरी हाताने बाळांपर्यंत येत होता. कुणाच्या, ते शोधायचं होतं.

सेक्रेटरींना शोधायची गरज वाटली नाही. आया वस्तीतून येतात, त्यातही ही एक, असं ते म्हणाले. ही एक म्हणजे माझी आई. बाळांना अंघोळ तीच घालायची. तपास होईपर्यंत तिने कामावर येऊ नये, असा त्यांनी तोंडी हुकूम दिला. मी उभा होतो त्याच खोलीत दिला, माझ्याकडे न बघता. डॉक्टर म्हणाले, ठरवण्याआधी मला सगळ्यांची नाकं बघू द्या. आणि त्यांनी खरोखरच सगळ्यांची पाहिली. नर्सबाईंची, स्वयंपाक्याची, सेक्रेटरींची, माझी, आणि आरशात बघून स्वतःचीही. "मीही आत जातो," म्हणाले. आईच्या नाकात काडी फिरवायला ते आमच्या घरी आले. घोंगडीवर बसले, चहा घेतला, मग काडी काढली.

आई म्हणाली, "आवं डॉक्टर, नाकात काय बगतायसा?"

"भाडेकरू मोजतोय, मावशी."

"मोजा. आजवर भाडं कुणी दिलं न्हाई मला."

डॉक्टर हसले. आई हसली नाही. पदराने नाक पुसून ती म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बगीन, त्याचं काय न्हाई. पर माज्या हातानं लेकरं आजारी पडली म्हंत्यात. ते मी कशानं धुवू?"

 डॉक्टरांनी काडी नळीत घातली, नळी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि ते चालत प्रयोगशाळेकडे गेले. मी मागोमाग होतो. 

डॉक्टरांची बशांवर नावं लिहायची एक पद्धत होती. नाव बशीच्या बुडाला लिहायचं, झाकणावर नाही. वर नाव असलं की डोळे आधी नाव वाचतात आणि मग नावाला शोभेल ते बघतात, असं ते म्हणत. बशी वाचून झाल्यावरच ती उलटी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. चार-पाच बशांत सोनेरी ठिपके होते. मला धीर निघाला नाही, हाताला आली ती पहिली उलटी करून पाहिली. ती नेमकी आईची निघाली. डॉक्टर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पदवीधर, तुझ्या गावात पाटील किती आहेत?"

मी म्हणालो, पुष्कळ आहेत.

"एका पाटलाने चोरी केली तर गावातले सगळे पाटील धरायचे का? नाकात सोनेरी असणं हा गुन्हा नाही. बाळांना पेनिसिलिन लागू पडत नाही, बरोबर? मग यातल्या कुणाच्या जंतूंना लागू पडत नाही, ते बघू."

आम्ही ते ठिपके नव्या बशांत दाट पेरले आणि टिपकागदाच्या टिकल्या पेनिसिलिनमध्ये भिजवून प्रत्येक बशीत एकेक ठेवली. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं दिसतं. पडत नसेल तर ते टिकलीला खेटून वाढतात. ती रात्र आईने आणि मी कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही. सकाळी डॉक्टरांनी बशा क्रम मोडून टेबलावर मांडल्या. बाळाच्या फोडातल्या जंतूंच्या बशीत कडं नव्हतं, ते आम्हाला माहीत होतं. बाकीच्या डॉक्टर एकेक करून बघत गेले. पहिलीत स्वच्छ कडं. दुसरीत कडं. तिसरीत कडं, रुपयाएवढं गोल. चौथीत कडं नव्हतं. ठिपके टिकलीपर्यंत दाटीने आलेले, थेट बाळाच्या बशीतल्यासारखे. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली, दोन्ही बशा शेजारी ठेवून पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, "हाच. हा माणूस आजपासून वॉर्डात नको." मग त्यांनी बशी उलटी केली.

बुडाला त्यांचंच नाव होतं, त्यांच्याच अक्षरात.

सवयीने त्यांचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला. डबी उघडली. दोन बोटं नाकाशी नेली आणि तिथेच थांबवली. त्यांनी त्या बोटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दारापाशी धुतलेले हात, मग चिमूट, मग शिंका, मग मधाची वाटी, हे सगळं आम्हा दोघांना एकाच वेळी दिसलं असावं. त्यांनी डबी मिटून त्या बशीवर ठेवली.

"माझा गुण आला, पदवीधर," ते म्हणाले.

तिसरी बशी मी उलटी केली. ती आईची होती.

सेक्रेटरींनी निकाल शांतपणे ऐकला. माणूस वाईट नव्हता, संस्थेच्या नावाला जपणारा होता. त्यांनी सुचवलं की डॉक्टरांनी वॉर्डात जाणं गुपचूप थांबवावं, फोडही थांबतील. बाईला मात्र आता परत घेऊ नये, म्हणजे लोकांना कारण कळल्यासारखं होईल. एवढ्या मोठ्या विद्वानाचं नाव निघालं तर उद्या बाळंतपणाला कोण येईल? आणि खरं काय ते कळणार तरी कुणाला?

"जंतूंना कळेल," डॉक्टर म्हणाले, आणि उठले.

ते सरळ वॉर्डाच्या दाराशी गेले. उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. त्यांनी बायकांना विचारलं, माझ्या हातून कुणाकुणाच्या बाळाने मध घेतलाय? हात वर झाले. ज्यांची बाळं आजारी होती, त्या सगळ्यांचे हात त्यात होते. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की बाळांना फोड माझ्या बोटांमुळे आले. जंतू माझ्या नाकातले होते, मला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायला हवं होतं. आयामावशींचा यात काही दोष नाही, त्या उद्यापासून कामावर येतील.  शेवटी जवानाची आई नातवाला मांडीवर घेऊन तशीच बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमी मुद्दाम न्हाई केलं, डॉक्टर. आमाला कळतंय. पर आता लांब ऱ्हावा."

"होय आई," डॉक्टर म्हणाले. ती त्यांच्याहून फार मोठी नव्हती, पण ते आई म्हणाले.

तो नातू वाचला. मांडीवर रुपयाएवढा व्रण राहिला. फोडही त्या महिन्यात थांबले. आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली. सेक्रेटरींनी तिची माफी मागितली नाही. पण हात धुवायच्या जागी नवा साबण आणून ठेवला, आणि तो आईच्या हातात दिला. आईने ती माफी समजून घेतली. सासवा मधाची वाटी घेऊन डॉक्टरांच्या खोलीशी येतच राहिल्या, कारण गावात बातमी पोचायला वेळ लागतो. डॉक्टर त्यांना सांगत, मावशींकडून चाटवा, त्यांचे भाडेकरू सज्जन आहेत, मी स्वतः चौकशी केली आहे. काही जणी आईकडे जात. काही जणी मावशी कुठल्या, कोण, हे विचारून घेत आणि वाटी झाकून परत नेत. डॉक्टर दोन्ही तऱ्हेच्या सासवांकडे पाहत आणि खोलीत जाऊन पेरणीला लागत.

त्यांनी तपकीर सोडली. नाकाला महिनोन्‌महिने मलम लावलं. पुढे कितीदा तरी मी त्यांची बशी पाहिली, सोनेरी ठिपका एकही नसे. मी म्हणायचो, सर, आता जायला हरकत नाही. ते म्हणत, भाडेकरू परत येताना कळवून येतात का? वॉर्डाला बागेच्या बाजूने एक मोठी काचेची खिडकी होती. संध्याकाळी घरी जाताना ते त्या खिडकीशी थांबत, हात पाठीमागे बांधून. आतल्या बायका बाळ उचलून काचेजवळ धरत. त्यांच्या बाळांविषयीच्या संशोधनाच्या काड्या यानंतर मीच आणायचो.

माझी मुलगी तिथेच झाली. आईने तिला मध चाटवला. त्याआधी वाटी घेऊन ती प्रयोगशाळेच्या दाराशी गेली होती. तिने सांगितलं, "तुमचं नाक आता धुतल्या तांदळागत हाय म्हनं. आमचा पदवीधर सांगतोय. चला, तुमीच चाटवा." डॉक्टरांनी हात धुतले, पहिल्यासारखे, कोपरापर्यंत. बोट मधात बुडवलं. ते बोट घेऊन ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आले.  मग त्यांनी ते बोट स्वतःच्याच तोंडात घातलं आणि म्हणाले, "मध चांगला आहे. महाबळेश्वरचा ना?" आणि परत प्रयोगशाळेत गेले. तिसऱ्या दिवशी मी मुलीच्या अंगावर काडी फिरवून आणली. बशीत पांढरे, निरुपद्रवी ठिपके उगवले. डॉक्टरांनी आईच्या हाताची बशी शेजारी ठेवली, बराच वेळ पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "आजीचा गुण." त्यातला एक ठिपका त्यांनी नळीत पेरून ठेवला.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून साताऱ्याला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. ती त्यांना फार मानायची, म्हणून पत्र न पाठवता मी स्वतः सांगायला गेलो. घरात स्टोव्ह, खाट, पुस्तकं, सगळं सांगलीसारखंच होतं. मी सांगितलं. त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला. चहा केला. मग बंडीच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक नळी काढली. आजीच्या गुणाची. महिन्या-महिन्याने नव्या नळीत पेरत त्यांनी ती जपली होती आणि नेमकी आज सकाळी पुन्हा पेरली होती. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "उद्यापर्यंत ऊब मोडू नकोस," एवढंच म्हणाले.

मी ती शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि सांगलीची एस.टी. धरली. उंब्रजला गाडी थांबली. आमच्या गावचा माझा चुलतभाऊ स्टँडवर होता. त्याला आईची बातमी कळली होती. मला खिडकीत बघून तो वर आला आणि डोळे पुसत त्याने मिठी मारायला हात पसरले. मी छातीवर हात ठेवला.

"हळू रं," मी म्हणालो. "आत मंडळी हायेत."